भैरूचा २९ एसी कुठं ठेवायचा?

पत्र:

"नमस्कार. लातूरला आमचा पाच खेळाडूंचा गट आहे, मी डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा). २०११ साली होस्टेलच्या खोलीत डंजन्स अँड ड्रॅगन्स या, पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या खेळाच्या साडेतीन (३.५) आवृत्तीवर मोहीम सुरू केली. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, तरी ती बंद पडली नाही. महिन्यातून दोन रविवार बसतो. एक जण नांदेडहून, एक पुण्याहून व्हिडिओवर असतो. जग आमचं आम्हीच रचलंय, बालाघाटासारखे डोंगर, बारवा, गढ्या. पात्रं दहाव्या लेव्हलवर, प्रत्येकाचे साधारण ४७,००० एक्सपी (अनुभवाचे गुण). हल्ली एका लढाईत अख्खा रविवार जातो, म्हणून याच खेळाच्या २०२४च्या नवीन नियमांवर जायचं घाटतंय. पण आमच्या ड्वार्फ (बुटक्या वंशाच्या) फायटरचा, भैरू लोहाराचा, एसी (आर्मर क्लास, त्याला वार लागायला हल्ल्याची बेरीज जिथवर पोचावी लागते तो आकडा) २९ आहे. नवीन पुस्तक चाळून तो खेळाडू मला म्हणाला, 'चौदा वर्षं कमावलेलं सगळं काढून घ्यायलास का?' मिस्टिक थिअर्जवाला (क्लेरिक म्हणजे पुरोहित आणि विझार्ड म्हणजे जादूगार, दोघांचेही मंत्र टाकणारा) तर बोलतच नाही. ड्रुइडचा (निसर्गाचे मंत्र टाकणाऱ्याचा) देवणी बैल आहे, त्याचं काय? उरलेले दोघे चोर आणि पॅलडिन (धर्मयोद्धा). सगळ्यांकडं मिळून ३८ जादुई वस्तू आहेत. सध्या पार्टी देवगिरीवरून बेतलेल्या किल्ल्याच्या अंधारीत (काळोख्या भुयारी वाटेत) अर्ध्या वाटेवर आहे. बदलाचं कारण कथेत दाखवावं का? आणि जुनी शीटं (पात्रांचे आकडे लिहिलेले कागद) टाकायची का?
– एक डीएम, लातूर"

उत्तर:

आधी पार्टीला अंधारीतून बाहेर काढा, आणि तेही जुन्याच नियमांनी. सापळ्यांचे डीसी (फाशाने गाठायचे आकडे), विझार्डने सकाळी तयार केलेले मंत्र, कांडीत उरलेले चार्ज (वापर) हे सगळं साडेतीनच्या हिशोबाने अर्धं खर्च झालेलं असतं. अर्ध्या खर्चाला नवीन नियमांत जोडच नाही. साडेतीनमध्ये विझार्ड दोन फायरबॉल वेगवेगळे तयार करतो आणि एक टाकला की एक उरतो. नवीन नियमांत तो मंत्रांची यादी तयार करतो आणि हव्या त्या स्लॉटमधून (मंत्र टाकायच्या दिवसाच्या ठराविक खेपांमधून) हवा तो मंत्र टाकतो. हे मधेच जुळवायला गेलात की अर्धा तास वाद. बालेकिल्ल्यावर पोचू द्या, एक रात्र झोपू द्या, तिथं जुनी वही मिटा.

लेव्हल तीच ठेवा, एक्सपी मात्र नेऊ नका. साडेतीनमध्ये दहावी लेव्हल ४५,००० एक्सपीला लागते, नवीन तक्त्यात ६४,००० ला. तुमचे ४७,००० जसेच्या तसे नेले तर पाचही जण आठव्या लेव्हलवर घसरतील. प्रत्येकाच्या शीटवर ६४,००० लिहा आणि सगळ्यांना एका रेषेत आणा. जादुई वस्तू बनवण्यात एक्सपी घालून कुणी मागं राहिलं असेल तर तेही इथंच मिटतं, कारण नवीन नियमांत वस्तू बनवायला एक्सपी लागत नाहीत.

आता भैरू. त्याच्या खेळाडूला समजूत घालू नका, कागदावर हिशोब दाखवा. तुम्ही बेरीज कळवलेली नाही, पण या लेव्हलला २९ साधारण असा होतो: पाया १०, फुल प्लेट ८ आणि तिची जादू २, ढाल २ आणि तिची जादू २, डेक्स (चपळाई) १, रिंग ऑफ प्रोटेक्शन २, अॅम्युलेट ऑफ नॅचरल आर्मर २. समोर फ्रॉस्ट जायंट उभा करा. साडेतीनमध्ये त्याचा पहिला वार +१८ ने येतो, म्हणजे भैरूला लागायला वीस बाजूंच्या फाशावर ११ पडावे लागतात. नवीन नियमांत तोच राक्षस +९ ने मारतो. भैरू नवीन पुस्तकातून बांधला तर प्लेट १८, ढाल २, डिफेन्स फायटिंग स्टाइलचा १, असा २१ होतो, आणि लागायला १२ पडावे लागतात. म्हणजे आकडा आठने उतरला आणि भैरू उलट किंचित सुरक्षित झाला. हट्टाने २९ तसाच ठेवला तर जायंटला वीसच पडावे लागतील. मग तुम्ही डीएम म्हणून काय कराल? राक्षसाचा आकडा वाढवाल. तो वाढला की बाकीचे चौघे दोन फेऱ्यांत आडवे. वर्षानुवर्षं चाललेल्या मोहिमा नियम बदलताना बहुतेक इथंच मोडतात. एकाचा मान राखायला सगळं गणित वाकवलं जातं.

म्हणून पात्रांना हात लावण्याआधी त्या ३८ वस्तू जमिनीवर मांडा. खरं काम तिथं आहे. साडेतीनमध्ये दहाव्या लेव्हलच्या पात्राकडे ४९,००० सुवर्णमुद्रांचा ऐवज असणार असं धरून राक्षसांचे आकडे ठरवलेत. रिंग, अॅम्युलेट, क्लोक ऑफ रेझिस्टन्स, बेल्ट या वस्तू बक्षीस कमी आणि हप्ता जास्त, नसतील तर पात्र मागं पडतं. नवीन नियमांतले राक्षस जादुई वस्तू नाहीतच असं धरून बांधलेत. त्यामुळे नुसती बेरीज वाढवणाऱ्या सगळ्या वस्तू काढा, आणि का काढल्या ते वरच्या हिशोबासारखं सांगा. बेल्ट आणि हेडबँडची तर जातच बदलली आहे. पूर्वी ते गुणात +४ घालायचे, आता गुण ठराविक आकड्यावर नेऊन ठेवतात. हेडबँड ऑफ इंटेलेक्ट बुद्धी १९ करतो, म्हणजे ज्याची बुद्धी आधीच २० आहे त्याच्या डोक्यावर ती नुसती फीत.

दुसरा ढीग ज्यांना नाव आणि गोष्ट आहे त्यांचा: आजोबाची कुऱ्हाड, बारवेच्या तळाशी सापडलेला शंख. यांना हात लावू नका, उलट आणखी वजन द्या. प्रत्येक पात्राला अशी एक रेअर आणि दोन अनकॉमन दर्जाच्या वस्तू पुरतात. अॅट्यूनमेंटची (वस्तू पात्राशी जोडून घेण्याची) मर्यादा तीन. +१ शस्त्र, +१ चिलखत आणि बॅग ऑफ होल्डिंगला अॅट्यूनमेंट लागत नाही, रिंग आणि क्लोक ऑफ प्रोटेक्शनला लागते. प्रत्येकाच्या शीटवर तीन चिंचोके ठेवा, जी वस्तू अॅट्यून केली तिच्या नावावर एक सरकवा. चौथा चिंचोका मिळत नाही हे डोळ्यांना दिसतं आणि भांडण वाचतं.

तिसरा ढीग संपणाऱ्या वस्तूंचा. तुमच्याकडे क्युअर लाइट वूंड्सची (जखमा भरणारी) कांडी नक्की असणार. ७५० मुद्रांत ५० चार्ज, साडेतीनच्या प्रत्येक पार्टीच्या कमरेला ती असतेच. ती पुढं नेऊ नका. नवीन नियमांत तासभराच्या शॉर्ट रेस्टमध्ये हिट डाइस (जखमा भरायचे ठराविक फासे) खर्चून प्रत्येक जण आपापल्या जखमा भरतो आणि लाँग रेस्टला सगळे हिट पॉइंट परत येतात. त्यावर कांडीही ठेवली तर दिवसभरात पार्टी कधी थकणारच नाही. कांडीच्या बदल्यात हीलिंग पोशनच्या आठ-दहा बाटल्या द्या. त्या बोनस अॅक्शनमध्ये, म्हणजे पाळीतली मुख्य कृती न घालवता, पिता येतात, त्यामुळे खेळाडूंना सौदा वाईट वाटत नाही.

पात्रं बांधताना जुन्या शीटवरचा आकडा ओळीनं नवीन शीटवर उतरवू नका. चौदा वर्षांपूर्वी फासे टाकून मिळालेले सहा गुण शोधा, वंशाचे आणि वस्तूंचे बोनस वजा करा, त्यावर २०२४च्या बॅकग्राउंडचे बोनस चढवा आणि पहिल्या लेव्हलपासून दहापर्यंत चढत या. चार तासांचा एक रविवार याला लागतोच. त्याआधी प्रत्येकाने तीन ओळी लिहून आणाव्यात: माझं पात्र टेबलावर कशासाठी ओळखलं जातं. भैरूच्या खेळाडूने 'पाय अडकवून पाडतो' असं लिहिलं असेल तर इम्प्रूव्ह्ड ट्रिप फीट (खास कसब) शोधत बसू नका. बॅटलअॅक्स घ्या, तिची वेपन मास्टरी (शस्त्राचं खास तंत्र) टॉपल, म्हणजे पाडणं, आहे. घाव लागला की समोरच्याने कॉन्स्टिट्यूशन (दणकटपणाचा) सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, टाकायचा. स्ट्रेंग्थ २० असलेल्या दहाव्या लेव्हलच्या फायटरचा डीसी १७ येतो, चुकला की शत्रू आडवा. साडेतीनमध्ये यासाठी टच अटॅक, मग स्ट्रेंग्थ चेक, मग फुकटचा वार अशी वरात निघायची. जुन्या ड्वार्व्हन वॉरअॅक्सचं नाव तसंच राहू द्या, आकडे बॅटलअॅक्सचे वापरा.

भैरूची एक बाजू मात्र खरोखर उघडी पडते. सेव्ह वाढवणारा क्लोक ऑफ रेझिस्टन्स गेला आणि फायटरला विझ्डम सेव्हमध्ये प्रोफिशियन्सी (प्रावीण्याचा बोनस) नाही. दहाव्या लेव्हललाही त्याचा बोनस +१ च्या आसपास राहतो आणि समोरचा जादूगार डीसी १७ चा मंत्र टाकतो. नवव्या लेव्हलचा इनडॉमिटेबल (चुकलेला सेव्ह पुन्हा टाकायची मुभा) एकदा वाचवेल. बाकी वेळ पॅलडिनच्या दहा फुटांत उभं राहायची सवय लावा. त्याची ऑरा ऑफ प्रोटेक्शन आसपासच्या सगळ्यांच्या सेव्हमध्ये त्याचा करिश्मा घालते.

थिअर्जवाला बोलत नाही कारण त्याने पुस्तक नीट वाचलंय. पाच जणांत खरं नुकसान त्याचंच आहे. क्लेरिक ३, विझार्ड ३, थिअर्ज ४ असा तो असणार, म्हणजे दोन्हीकडचे चौथ्या पातळीपर्यंतचे मंत्र त्याच्या हातात होते. नवीन नियमांत हा प्रेस्टिज क्लास (पुढच्या लेव्हलला घेता येणारा खास पेशा) नाही. सगळे त्याला क्लेरिक ५, विझार्ड ५ सुचवतील. तो खड्डा आहे. मंत्रांचे स्लॉट दहाव्या लेव्हलचे मिळतात, ४-३-३-३-२, पण तयार करता येणारे मंत्र दोन्हीकडे तिसऱ्या पातळीवर थांबतात. चौथ्या-पाचव्या पातळीच्या स्लॉटमध्ये भरायला स्वतःचं काहीच नाही. आमचा सल्ला विझार्ड ९, क्लेरिक १. बुद्धी आणि विझ्डम दोन्ही १३ लागतात, ते त्याच्याकडे असणारच. पाचव्या पातळीचे विझार्ड मंत्र आले, ढाल आणि मध्यम चिलखत आलं, आणि क्युअर वूंड्स पाचव्या पातळीच्या स्लॉटमधून टाकला तर १०डी८ (आठ बाजूंचे दहा फासे) इतके हिट पॉइंट बरे करतो. देवाचा माणूस आणि पोथीचा माणूस ही दुहेरी ओळख टिकते. गमावतो ते क्लेरिकचे वरचे मंत्र. हे त्याला बाकीच्यांआधी, एकट्याला फोन करून सांगा. आणि वस्तूंच्या दुसऱ्या ढिगातून पहिली निवड त्याची असू द्या.

बैल. साडेतीनचा अॅनिमल कम्पॅनियन (सोबतीचा प्राणी) २०२४च्या ड्रुइडला मिळत नाही. वाइल्ड शेपही (प्राण्याचं रूप घेणं) आखडलाय. दहाव्या लेव्हलला सीआर (प्राण्याच्या किंवा राक्षसाच्या ताकदीचा आकडा) १ पर्यंतचेच प्राणी, सर्कल ऑफ द मून या उपप्रकाराच्या ड्रुइडला सीआर ३. देवणीला पूर्ण बैल म्हणून लढाईत ठेवलात तर दर फेरीला ड्रुइडच्या दोन पाळ्या होतात आणि तुमचा रविवार पुन्हा जातो. दोन वाटा आहेत. समन बीस्ट मंत्रातला भूचर प्राणी तोच देवणी समजा, लढाईपुरता तो तासभर प्रकट होतो आणि त्यासाठी कॉन्सन्ट्रेशन (मंत्रावर सतत एकाग्रता) लागतं. नाहीतर बैल खराखुरा ठेवा, पण तो गाडी ओढतो, वास घेतो, रात्री हंबरून सावध करतो, आणि इनिशिएटिव्ह (लढाईतल्या पाळ्यांच्या क्रमाचा फासा) टाकला की बाजूला जातो. दुसरी वाट आम्हाला बरी वाटते. चौदा वर्षांचा बैल मंत्रातून उगवणं जरा विचित्रच.

रोगचं (हा आजार नव्हे, चोर) सोपं आहे. हाइड आणि मूव्ह सायलेंटली मिळून स्टेल्थ, स्पॉट आणि लिसन मिळून परसेप्शन. स्नीक अटॅक दहाव्या लेव्हलला तेव्हाही ५डी६, आताही ५डी६, फक्त आता एका पाळीत एकदाच. बदल्यात तो आता सांगाडे आणि भुतांनाही लागतो. डेक्स २० आणि एक्सपर्टीज (दुप्पट प्रावीण्य) असेल तर बोनस +१३, आणि सातव्या लेव्हलच्या रिलायबल टॅलेंटमुळे दहाच्या खाली फासा मोजतच नाहीत, म्हणजे किमान २३. घाबरून कुलपांचे डीसी वाढवू नका. जुन्या वहीतली कुलपं २०, २५, ३० आणि ४० ची असतील, ती अनुक्रमे १०, १५, २० आणि २५ करा. चोराला चोर असू द्या. पॅलडिनला एवढंच सांगा की डिव्हाइन स्माइट (घावाला दैवी इजा जोडणं) आता मंत्र आहे, बोनस अॅक्शन खातो आणि एका पाळीत एकदाच होतो.

टेबलावर सगळ्यात जास्त टोचेल ते कॉन्सन्ट्रेशन. साडेतीनच्या पार्ट्या दार उघडण्याआधी पाच मंत्र अंगावर चढवतात. आता ब्लेस, हेस्ट, फ्लाय, इन्व्हिजिबिलिटी, शील्ड ऑफ फेथ यांपैकी एका जादूगाराला एका वेळी एकच. मार बसला की डीसी १० किंवा लागलेल्या इजेच्या निम्मा, जो मोठा असेल, तेवढ्याचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह. हेस्टही आता एकाच माणसावर, आणि तुटला की त्याची एक पाळी वाया. मेज आर्मर, एड, डेथ वॉर्ड, फ्रीडम ऑफ मूव्हमेंट, मिरर इमेज यांना कॉन्सन्ट्रेशन लागत नाही, ही यादी जादूगारांच्या शीटवर डकवा. कॉन्सन्ट्रेशनसाठी वेगळ्या रंगाचा एकच चिंचोका असावा. नांदेडच्या आणि पुण्याच्या खेळाडूंचा तुम्ही कॅमेऱ्यासमोर ठेवा, नाहीतर ते दोघं दोन-दोन मंत्र चालवतील आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

राक्षस बदलत बसू नका. नाव तेच शोधा आणि नवीन पानावरचे आकडे घ्या. सीआर ताडून बघा, कारण ते हललेत: ओगर ३ वरून २, मँटिकोर ५ वरून ३, फ्रॉस्ट जायंट ९ वरून ८. तुमच्या मोहिमेचा मुख्य खलनायक विझार्ड १३ वगैरे असा पात्रासारखा बांधलेला असेल. तो पुन्हा तसा बांधायला आठवडा जाईल. सीआर १२चा आर्चमेज उचला, दोन-तीन मंत्र बदला, नाव तुमचं.

पैसा शेवटी राहतो. वस्तू बाजारात विकत मिळतात ही सवय मोडा, नाहीतर काढलेल्या अंगठ्या पुढच्या गावात परत येतील. २०२४च्या डीएम गाइडमध्ये बॅस्टियनचे (पात्रांच्या स्वतःच्या गढीचे) नियम आहेत. पाचव्या लेव्हलला दोन आणि नवव्यापासून चार खास दालनं मिळतात, म्हणजे तुमच्या प्रत्येक पात्राला चार. तुमच्या जगात गढ्या आहेतच. साठलेल्या मोहरा गढीत घालू द्या, भैरूला लोहारशाळा, थिअर्जला ग्रंथालय.

खरा खेळ सुरू करण्याआधी एक चाचणी लढाई घ्या, जिचा कथेशी संबंध नाही. दोन फ्रॉस्ट जायंट आणि दोन ट्रोल. ३,९०० दुणे ७,८०० आणि १,८०० दुणे ३,६००, एकूण ११,४०० एक्सपी. दहाव्या लेव्हलच्या पाच जणांसाठी मध्यम लढाईचं बजेट २,३०० गुणिले पाच, म्हणजे ११,५००. २०२४मध्ये राक्षसांच्या संख्येचा गुणक लावत नाहीत. ही लढाई घड्याळ लावून खेळा. वेळ कुठं जातो ते कळेल, आणि बहुतेक तो जुन्या सवयींत जातो. कुणीतरी पाच फुटांचं पाऊल मागं घेईल. ते आता नाही. शत्रूच्या टप्प्यात फिरताना फुकटचा वार बसत नाही, टप्पा सोडताना बसतो. कुणी १९ ला क्रिटिकल (जबर घाव) म्हणेल आणि खात्रीचा फासा उचलेल. आता साधा क्रिटिकल विसालाच, आणि खात्री करावी लागत नाही. मरण उणे दहा हिट पॉइंटला नाही, शून्यावर पडून तीन डेथ सेव्ह चुकले की. या चार ओळी पुठ्ठ्यावर लिहून टेबलाच्या मधोमध उभ्या करा. पहिले तीन रविवार कुणालाही फीट, मंत्र, सबक्लास (पेशाचा उपप्रकार) बदलायची मुभा द्या, चौथ्यापासून नाही.

पुस्तकं लगेच सगळ्यांनी घ्यायची गरज नाही. एप्रिल २०२५मध्ये आलेला एसआरडी ५.२ (मूळ नियमांचा दस्तऐवज) क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतो. त्यात प्रत्येक क्लासचा एकेकच सबक्लास आहे, पण चाचणीपुरता भरपूर.

कथेत कारण दाखवू नका असं आमचं मत. फॉर्गॉटन रेल्म्सवाल्यांनी (या खेळाच्या छापील जगाच्या लेखकांनी) आवृत्ती बदलताना देव मारून पाहिले, दुसरीला टाइम ऑफ ट्रबल्स, चौथीला स्पेलप्लेग, आणि मग ते निस्तरायला सेकंड संडरिंग. तुमच्या बालाघाटाला एवढा खर्च कशाला? भैरू सकाळी बालेकिल्ल्यावर उठतो, ढाल उचलतो, चालू लागतो.

शीटं टाकू नका. सहाव्या महिन्यात कुणीतरी म्हणेल, 'माझ्याकडं एक दोरी होती, ती कुठं गेली?' आणि ती दोरी खरंच नवीन शीटवर उतरवायची राहिलेली असेल.